सावलीची जबानी

नाशिकरोडच्या तुरुंगातून चिठ्ठी आली,
बिडीबंडलाच्या कागदावर, त्याच तिरक्या अक्षरात:
"निऱ्हाळीबाई, मी मारलेलं नाही. ये."
खाली सही, रंगनाथ क्षेमकल्याणी.
आडनावात क्षेम आणि कल्याण दोन्ही,
माझ्या वाट्याला त्यातलं एकही आलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी, कार्तिकात,
मी गंगेवर पाण्याला मंत्र शिकवत वाकले होते,
तेव्हा यानं मागून माझी सावली उचलली,
उपरण्यासारखी घडी घातली, काखेत मारली, गेला.
तेव्हापासून भर दुपारी सराफ बाजारातून जाते
तर लोक आधी पायांकडे बघतात, मग तोंडाकडे,
मग आपापली पोरं आत घेतात.
धंद्याला बरंच पडलं म्हणा ते.
चोऱ्या, हरवलेली माणसं, विहिरीतले आवाज.
बिनसावलीच्या बाईवर विश्वास बसतो लोकांचा.

मुलाखतीची जाळी. पलीकडे तो,
दाढीत पांढरं, डोळ्यात झोप नाही.
"भांडी बाजारातला झुंबरलाल. डोकं फुटलेलं.
दुकान आतून बंद.
आतून बंद दार म्हटलं की गावात माझंच नाव निघतं."
"निघणारच. कमावलंयस."
"मी घरी झोपलो होतो."
"साक्षीला कोण?"
जाळीवरचा गंज तो नखानं खरवडत राहिला.
"तुझी सावली. रात्री उठून घाटावर फिरते ती.
पहिली दोन वर्षं अडवली.
नंतर दार उघडंच ठेवायला लागलो."

इन्स्पेक्टर मोगल म्हणाले, बाई,
सावलीचा जबाब कुठल्या रकान्यात लिहू?

त्याच्या खोलीत पत्र्याची ट्रंक होती.
तिच्यात ती, डांबरगोळ्या घालून, घडीवर घडी.
मी उलगडली.
बांधा अजून तिशीतला, अंबाडा भरदार,
आणि मी पन्नाशी ओलांडलेली, गुडघे धरून बसलेली.
लगेच ओळखलं नाही आम्ही एकमेकींना.

मखमलाबादची आंधळी सुईण, माझी गुरू, सांगून गेली होती,
सावली एकदाच बोलते. पाण्यात सोडायची नि विचारायचं.
बोलली की विरते.

सुई आणली. काळा दोरा ओवला.
टाचेला चार टाके, आणि माणूस पुन्हा पुरा.
कोण विचारणार होतं?
क्षेमकल्याणी फासावर गेला असता
तर मी त्या दिवशी पुरणपोळी केली असती,
असं मीच सांगत फिरलेय भद्रकालीत.
दिवे लागेपर्यंत बसले तशीच.
मग दोऱ्याला गाठ न मारता सुई टोपीत खोचून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाराला, दुतोंड्या मारुतीपाशी,
तिला पाण्यावर अंथरलं.
"भाचा," ती म्हणाली. "पहाटे तीन. हातात लोखंडी वजन.
इथं टाकलं. मारुतीच्या डाव्या अंगाला."
मी घाईनं विचारलं, बरी होतीस ना गं?
तोवर नुसतं पाणी होतं.
वर झेंडूची दोन फुलं, कुणाच्या तरी दहाव्याची.

नाण्यांसाठी दोरीला लोहचुंबक बांधून
गंगेत टाकणारा एक पोरगा असतो, भुऱ्या.
त्याला वीस रुपये दिले, वर भेळभत्ता.
चौथ्या खेपेला पाच किलो वर आलं,
आणि वजनाच्या कडीला सुतळीनं बांधलेली
मागल्या दाराची दुसरी किल्ली.
दुसरी किल्लीच नाही, असं भाचा सही करून सांगत आला होता.
मोगलांना रकाना सापडला.

सुटला त्या दिवशी मी फाटकाशी उभी होते.
का, ते विचारू नका.
तो आला, हातात पिशवी.
तोंडाकडे नाही, माझ्या पायांपाशी पाहिलं त्यानं.
"शिवून घेतली नाहीस?"
"बसला सुट्टे आहेत का?" मी म्हटलं.
नव्हते.

म्हणून बिटकोपर्यंत चालत निघालो.
ऊन तिरकं झालेलं.
त्याची सावली सारखी माझ्या पायांत येत होती.
एकदा चुकवली. दुसऱ्यांदाही चुकवली.
तिसऱ्यांदा नाही चुकवली.